टपावर बसलेली मुलगी

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली तेव्हा मी मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होते. 'बघता बघता वर्ष झालं' अशी त्याची सुरुवात होती आणि ती मला मुळीच पसंत नव्हती. बघता बघता वर्ष सगळ्याचंच होतं. लग्नाला होतं, गेलेल्या माणसाला होतं, मग एका ब्लॉगला झालं तर त्यात काय मोठंसं, असं स्वतःलाच टोचून घेत असताना पायाखाली एक हिसका बसला, डोक्यावरचा दिवा मिचमिचून गेला, पंखा गरगरत थांबला आणि इतकी शांतता झाली की शेजारी फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या गृहस्थांच्या पोटातली गुरगुरसुद्धा मला ऐकू आली. मग मी ओरडले. चांगली घसा फोडून ओरडले, दारावर दोन्ही हात आपटले, डबा खाली पडला तोही उचलला नाही. "अगं मुली, थांबलीय नुसती. पडत नाहीये," ते गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी अंधारातच माझा डबा चाचपून माझ्या हातात दिला. बारा मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. लाज वाटली ती नंतर, उजेडात आल्यावर. कारण माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख लिफ्टवरच आहे, आणि त्यात मी चार वर्षांची असताना लिफ्टच्या टपावर, म्हणजे खोलीच्या आत नव्हे, वर, छतावर, बाबांच्या शेजारी बसून सहा मजले चढले होते आणि मला अजिबात भीती वाटली नव्हती.

बाहेर काढलं ते लिफ्टच्या मेकॅनिकने. पन्नाशीचा माणूस, खिशाला तीन पेनं, हाताला काळं तेल. त्याने दार किल्लीने उघडलं, आधी फाइल घेतली, मग मला बखोटीला धरून ओढलं, मग गृहस्थांना. मी थरथरत होते, म्हणूनच असेल, पण मला त्याला सांगितल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "माझे बाबा लिफ्टचंच काम करायचे. मी लहानपणी टपावर बसलेय त्यांच्याबरोबर." त्याचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा! म्हणजे आपल्यातलीच की. मग वजन खाली येताना पाहिलंस ना? काय वाटलं?" मी विचारलं, कसलं वजन. तो हसला. लिफ्ट वर जायला लागली की तिच्या जोडीचं लोखंडी वजन वरून खाली येतं, मधल्या मजल्यावर ते अगदी हातभर अंतरावरून सरकत जातं, हे त्याने मला हातवारे करून समजावलं. "वर बसलेला माणूस बाकी सगळं विसरेल, पण ते नाही विसरणार. मी वीस वर्षांचा घोडा होतो, तरी पहिल्या दिवशी बोंबललो. तू लहान होतीस, झोपली असशील." मी म्हटलं, "हो, असेल." आणि जिना चढून कामावर गेले.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येतात, त्यांवरून आम्ही कवळ्या करतो. मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या आणि रंगपट्टीवरच्या सोळा पांढऱ्या छटा. दात पांढरे असतात असं फक्त लहान मुलांना आणि मंजनाच्या जाहिरातवाल्यांना वाटतं. माझा ब्लॉग सुरू झाला तो याच वाक्यावरून. आमच्याकडे पॉलिशचं काम करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांना सगळे पॉलिशकाकाच म्हणतात, त्यांना मी हे वाक्य ऐकवलं तर ते म्हणाले, "इथे बोलून वाया घालवू नकोस. लिहून ठेव कुठेतरी. आणि माझ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही." त्या रविवारी मी ब्लॉग उघडला. आईने विचारलं काय करतेस, मी सांगितलं, ती म्हणाली, "हे कुणी सांगितलेत नसते उद्योग?" मला नाव मिळालं. 'नसते उद्योग'. पहिल्या आठवड्यात एकतीस जणांनी वाचल्याचं आकडा सांगत होता, त्यांतली पंचवीस मीच होते, कारण कुणी वाचलं का हे बघायला मी सारखी तिथेच जात होते. मागचा रंग मी तीनदा बदलला. आधी काळा, त्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे आपण गंभीर आहोत हे लोकांना कळावं. मग निळा. शेवटी दाताच्या साच्यासारखा फिकट पिवळट, तो राहिला.

ते दिवस आता आठवले की मला हसू येतं आणि आतून काहीतरी हलतंही, जणू वर्ष नाही, पंधरा वर्षं झाली. तेव्हाची मी मला आवडत होते. बसच्या रांगेत दोन बायका भांडल्या की मी मध्ये पडायच्या ऐवजी त्यांचे शब्द पाठ करायची. तापाने फणफणले होते तेव्हाही अंथरुणात पडल्या पडल्या 'ताप ही एक खोली आहे' असलं काहीतरी जुळवत होते, आणि आई कपाळावर घडी ठेवत म्हणत होती, काय पुटपुटतेस, देवाचं नाव घे. सगळं जग माझ्यासाठी मांडून ठेवलं होतं आणि मी फक्त उचलत होते. आईला ते रुचलं नाही. "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर," एवढंच तिचं मत, आणि ते तिने एकदा दिल्यावर पुन्हा दिलं नाही. ताई मात्र प्रत्येक लेखाखाली लिहायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. लोक लेखाखाली 'अंतर्मुख केलंत' वगैरे लिहायचे, आणि त्यांच्या खाली ताई: 'शेपटे, सर्दी गेली का?' शेपूट म्हणजे मी, कारण लहानपणी मी तिच्या मागे मागे असायचे. मी फोन करून भांडले, की अगं तिथे परकी माणसं असतात. पुढच्या लेखाखाली तिने लिहिलं, 'अंतर्मुख केलंस. सर्दी गेली का?'

लिफ्टवरचा लेख पाचव्या महिन्यातला. एका बैठकीत उतरला, एक शब्द खोडावा लागला नाही. बाबांची खाकी पिशवी, तिच्यावर मला बसवलेलं, त्यांची टोपी माझ्या डोळ्यांवर येतेय, दोरांना लावलेल्या तेलाचा वास, भिंतीवर खडूने लिहिलेले मजल्यांचे आकडे आमच्यासमोरून हळूहळू खाली चाललेत, दारांच्या फटींतून माणसांचे नुसते पाय दिसतायत, चपला, बूट, एका पायात मोजा नाही. आणि बाबा विजेरी वर धरून म्हणतायत, 'वर बघ. तिथनं उजेड येतोय ना, तिथं आपण जाणार.' तिथे लेख संपतो. तो कुणीतरी कुणालातरी पाठवला, त्याने आणखी कुणाला, आणि तीन हजार माणसांनी तो वाचला. शंभरावर लोकांनी खाली आपापले वडील लिहिले. एकाचे वडील वीजमंडळात, एकीचे विहिरी खोदणारे. एका म्हाताऱ्या बाईंनी लिहिलं, 'तुझ्या बाबांनी मलाही वर नेलं असं वाटलं.' मी तो लेख आईला मोठ्याने वाचून दाखवला होता. अर्ध्यातच ती उठली, म्हणाली, गॅसवर दूध आहे, आणि बराच वेळ आली नाही. मला वाटलं, भरून आलं असेल. आणि ताईने त्या लेखाखाली काहीच लिहिलं नाही. एक्केचाळीस लेख, चाळिसांखाली ताई, आणि जिथे असायला हवी तिथे नाही. मी मनातून रागावले होते. म्हटलं असेल, लाडकी लेक तीच होती ना, तिला कसं रुचेल.

लिफ्ट अडकली त्या दिवशी लॅबमध्ये माझ्या हातात एका आजोबांचा खालचा जबडा होता. मेणात दात बसवत होते, एक सारखा वाकडा जात होता, आणि डोक्यात ते वजन. मी सगळं पाहिलं होतं, मोजा नसलेला पाय पाहिला होता, आणि हातभर अंतरावरून सरकणारं माणसाएवढं लोखंड पाहिलं नव्हतं? झोपली असशील, मेकॅनिक म्हणाला होता. झोपलेल्या पोरीला आकडे कसे दिसतील. मी डोळे मिटून पुन्हा टपावर जाऊन बसायचा प्रयत्न केला, तर टपावर मला बाबा दिसत होते आणि त्यांच्या शेजारची मुलगीही दिसत होती. टोपी डोळ्यांवर आलेली ती मुलगी मला बाहेरून दिसत होती. आपण स्वतः असलो तर आपल्याला टोपीच्या आतला अंधार दिसला पाहिजे. मग मी माझे खरे बाबा शोधायला लागले, आणि ते सापडले ते लिफ्टच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये. लाकडी खणांची भिंत, प्रत्येक खणावर आत जे आहे त्यातलं एकेक बाहेर तारेने बांधलेलं, एक बोल्ट, एक वॉशर, एक स्प्रिंग. मेकॅनिक चिठ्ठी घेऊन येतात, बाबा खण ओढतात. मी काउंटरवर बसून वॉशर वेगळे करतेय. लिफ्टचा तिथे पत्ता नाही. बाबांची स्टोअरला बदली झाली होती, हे आईच्या बोलण्यात असायचं, पण कधी झाली हे मी कधी विचारलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर माझाच ब्लॉग उघडला. बारावा लेख माझ्या शाळेच्या पहिल्या दिवसावर आहे आणि त्यात हौसेने मी प्रवेशाच्या अर्जाचा फोटो टाकलाय, आईच्या पत्र्याच्या पेटीतून काढून. मुलीचे वय: तीन वर्षे चार महिने. वडिलांचा व्यवसाय: स्टोअरकीपर. मी ते बोटांनी मोठं करून बघितलं, जणू मोठं केल्यावर अक्षरं बदलतील. तीन हजार लोकांनी एक लेख वाचला, त्यांतल्या निदान दोनशेंनी दुसराही वाचला असेल, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही की चार वर्षांची मी ज्या बाबांबरोबर टपावर बसले, ते त्याच्या निदान आठ महिने आधीपासून काउंटरमागे उभे होते. चोराने स्वतःच्या पावलांचा फोटो काढून भिंतीवर लावावा तसं मी केलं होतं. टपावर बसलेली मुलगी कोण, हे कळायला मग वेळ लागला नाही. आमच्या घरात मुली दोनच.

पॉलिशकाका शेजारी बसून पोळी खात होते. ते म्हणाले, "काय गं, कुणी वाईट लिहिलं की काय?" मी म्हटलं, "काका, कवळी घातल्यावर माणसाला किती दिवस परकं वाटतं?" ते म्हणाले, "आठ दिवस. आठ दिवसांनी म्हणतो, माझे दात दुखतायत." आणि स्वतःच खूप हसले. मलाही हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू, आणि मी हात धुवायला उठले. वर्षभर मी कितीतरी लोकांना माझे बाबा वाटून दिले होते आणि त्यांतले सगळ्यात चांगले बाबा माझे नव्हतेच. ते काढून घेतले तर माझ्याकडे उरत होता एक काउंटर, काही खण, आणि पाच वर्षांची असताना पाहिलेली एक पांढरी चादर. आणि ताई सात महिने गप्प होती. तिची वस्तू मी तीन हजार लोकांसमोर घालून मिरवले आणि तिने हूं की चूं केलं नाही. मला एवढंच कळत होतं की आता ती मला काय म्हणेल त्यावर सगळं आहे. ती लागट बोलली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली असती, राहू दे गं, तर मला ते सोसलं नसतं.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. भावजी बाहेर गेले होते. ताई स्टुलावर चढून वर्तमानपत्राच्या बोळ्याने खिडकीची काच पुसत होती. मी म्हटलं, "टपावर तू होतीस." ती पुसायची थांबली नाही. "कळलं का?" म्हणाली, आणि काचेवर तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसायला लागली. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस? मी चोर नाही गं, मला खरंच वाटत होतं की मी—" तेव्हा ती खाली उतरली. "चोर कसली? मीच दिली होती तुला." बाबा गेले तेव्हा घरी माणसांची रीघ होती, तिने सांगितलं, आणि जो येईल तो तिला जवळ घेऊन म्हणायचा, हिचे फार लाड केले, हिला इकडे नेलं, हिला तिकडे नेलं. "आणि तू कोपऱ्यात. एक दिवस न्हाणीघरात मला म्हणालीस, ताई, मला कुठे नेलं? मला काही सुचेना. म्हटलं, तुला लिफ्टच्या टपावर नेलं होतं, तू लहान होतीस, विसरलीस. मग रोज झोपताना सांगायला लावायचीस. माझे फ्रॉक तुला यायचे ना, तसंच ते. फक्त फाटलेलं तेवढं काढून दिलं."

मी विचारलं, फाटलेलं काय. ती बोळा उलगडून सपाट करत बसली. मग म्हणाली, "उजेड येतोय तिथं जाणार म्हणाले ना, त्याच्या पुढचं. मी वर बघितलं तर वरून काळं काहीतरी येत होतं. मला वाटलं, आपल्या अंगावर पडतंय. मी किंचाळले. आठ वर्षांची होते, थांबताच येईना. बाबांनी लिफ्ट बंद केली, मला पोटाशी धरलं, तरी किंचाळतच होते. सगळ्या मजल्यांवरची माणसं धावली, त्यांना वाटलं, कुणाचं पोर खाली पडलं. तक्रार गेली. महिन्याभरात बाबा स्टोअरला." तिचा आवाज अगदी साधा होता, वाणसामान सांगताना असतो तसा. "त्यांचा जीव होता गं लिफ्टमध्ये. तीन वर्षं बोल्ट काढून देत बसले आणि गेले." मी म्हटलं, "ताई, आजारी होते ते." ती म्हणाली, "माहितीय. आईला माहितीय, डॉक्टरांना माहितीय. अकराव्या वर्षी मला कोण सांगणार?" मला तिच्याकडे बघवेना. इतकी वर्षं चांगला अर्धा माझ्याकडे ठेवून वाईट अर्धा ही एकटी उचलत होती, आणि वर मला विचारत होती, सर्दी गेली का. मी म्हटलं, "मी तो लेख आजच काढून टाकते."

"खबरदार," ताई म्हणाली. "रोज वाचते मी तो. इतका छान आहे. मी किंचाळायच्या आधीच संपतो."

खाली कुणीतरी गाडी मागेपुढे करून कशीबशी लावत होतं. मला वाटत होतं, तिला काहीतरी द्यायला पाहिजे, आत्ताच, आणि मी स्वतःला चाचपत होते. वर्षभरात जे काही होतं ते मी लिहून संपवलं होतं, असंच मला वाटत होतं. मग अचानक मला बाबांची जिन्यातली पावलं आठवली. मी म्हटलं, "लिफ्टवर असताना ते घरी कधी यायचे गं?" ती म्हणाली, "काही नेम नव्हता. कुणाची लिफ्ट अडकली की ताटावरून उठायचे. का?" मी म्हटलं, "स्टोअरला गेल्यावर रोज पाचला यायचे." ताई म्हणाली, "असतील. मी सातपर्यंत मैत्रिणीकडे बसायचे. मला त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. वाटायचं, घरी येऊन नुसते भिंतीकडे बघत बसत असतील." मी म्हटलं, "बसायचे कुठले? घोडा व्हायचे." ती माझ्याकडे बघायला लागली. "बाबा? घोडा?" "रोज. शर्टसुद्धा न काढता. बाहेरच्या खोलीतून निघायचं, टेबलाखालून, आईच्या पायांना धडकायचं, आई ओरडणार, की तिथून परत. खिंकाळायचे इतकं मोठ्याने, की खालच्या मजल्यावरचे काठीने छत ठोकायचे. मग हे आणखी जोरात." ही आठवण माझी होती. मला गुडघ्यांना लागणारी त्यांच्या बरगड्यांची हालचाल आठवत होती, कॉलरचा आतला मळका काठ आठवत होता. ही मला कुणी सांगितलेली नव्हती, आणि वर्षभर मला ती लिहावीशीसुद्धा वाटली नव्हती, कारण घोडा काय, सगळ्यांचेच बाबा होतात. ताईच्या हातातला कागद तसाच राहिला होता. तिने विचारलं, "हसायचे?" मी म्हटलं, "हसून हसून खाली पडायचे." मग अगदी हळू, जणू चोरून, विचारलं, "पाठीवर तू असायचीस?"

मी म्हटलं, "आपण दोघी. तू पुढे, मी मागे."

ती माझ्याकडे बघत राहिली. सातपर्यंत कोण कुठे असायचं, हे आत्ताच तर तिने मला सांगितलं होतं. मी नजर हलवली नाही. मग ताईने डोळे पुसले, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "आणि तू मागून माझी वेणी ओढायचीस."